विद्वा चढायचा आहे? वेल्समधल्या एररीच्या डोंगरवाटा, टप्प्याटप्प्याने

वेल्समधलं सर्वांत उंच शिखर विद्वा १०८५ मीटरचं आहे आणि आपलं कळसूबाई १६४६ मीटरचं. शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये आलेला सह्याद्रीतला ट्रेकर हे आकडे पाहतो, लाँग वीकेंडला मित्र गोळा करतो आणि जीन्स-जॅकेटवर निघतो. त्याच्या पायांत दम असतो, चढाची सवय असते, कातळाची भीती नसते. या सगळ्याचा तिथे उपयोग होतोच. एक गोष्ट मात्र सह्याद्रीतच ठेवून जावी लागते: पावसाशी असलेलं आपलं नातं. आपल्याकडे जुलैत चिंब भिजणं हा ट्रेकचा अर्धा आनंद असतो, कारण तो पाऊस उबदार असतो. एररीत भिजलेलं अंग आणि वारा एकत्र आले की तासाभरात माणूस थरथरू लागतो, त्याची जीभ अडखळते, पाय वेडेवाकडे पडतात. तिथल्या बऱ्याच सुटका-मोहिमा भर उन्हाळ्यातल्या असतात. म्हणून या लेखात वाटांइतकीच जागा हवेला दिली आहे.

एररी म्हणजेच स्नोडोनिया. १९५१ साली स्थापन झालेलं हे वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, सुमारे २१३० चौरस किलोमीटरचं. त्यातला सर्वोच्च डोंगर अर विद्वा, म्हणजेच स्नोडन. २०२२च्या नोव्हेंबरात उद्यान प्राधिकरणाने ही वेल्श नावं आपल्या कामकाजात मुख्य म्हणून वापरायचं ठरवलं, त्यामुळे आता पाट्यांवर तीच आधी दिसतात. नकाशावरचे चार शब्द ओळखीचे करून घेतलेत तर वाट समजायला मदत होते: ‘बूल्ख’ म्हणजे खिंड, ‘लिन’ म्हणजे तलाव, ‘क्रीब’ म्हणजे धार आणि ‘कूम’ म्हणजे तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेलं, हिमनदीने कोरलेलं खोरं.

आधी दिवस ठरवा, वाट नंतर

पहिल्यांदा जात असाल तर मे ते सप्टेंबर हाच काळ धरा. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडाची चिंता नसते. डिसेंबरात चार वाजता अंधारून येतं. ऑक्टोबरपासूनच परतीचं गणित सूर्यास्ताकडून उलटं मांडायला लागतं. ऑगस्टमधले शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे शक्यतो टाळा. त्या दिवशी शिखरावरच्या दगडी चौथऱ्यावर फोटो काढायला रांग लागते, आणि अरुंद वाटेवर चढणारे-उतरणारे एकमेकांसमोर उभे राहतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहा, पण तो गावाचा नको. ब्रिटनचं हवामान खातं एररीसाठी डोंगरावरचा वेगळा अंदाज देतं. त्यात शिखराच्या उंचीवरचा वारा, ढगांचा तळ आणि जाणवणारं तापमान दिलेलं असतं. पाऊस किती पडणार हे सगळेच बघतात. मी सर्वांत आधी वारा बघतो. हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे पायथ्याच्या लानबेरिस गावात १५ अंश असतील तर माथ्यावर आठच्या आसपास, आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर ते तीन-चार अंशांसारखं लागतं. शिखरावर ताशी ६०-६५ किलोमीटरच्या वर वारा सांगितला असेल तर माझ्या मते धारेवरच्या वाटा त्या दिवसापुरत्या रद्द कराव्यात. ८० सांगितला असेल तर शिखरच रद्द करा आणि दरीतली वाट धरा. ढगांचा तळ ६०० मीटरवर असेल तर वरचा अर्धा डोंगर तुम्हाला दिसणार नाही, हे गृहीत धरून निघा.

हा सगळा मुलूख आयरिश समुद्राला लागून आहे. पश्चिमेकडून आलेला ओलसर वारा पहिल्यांदा अडतो तो याच डोंगरांवर. विद्वाच्या शेजारची क्रीब गोख ही धार ब्रिटनमधल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक आहे. वर्षाला साधारण साडेचार हजार मिलिमीटर पाऊस तिथे पडतो. आपल्या घाटमाथ्याच्या पंगतीला बसणारा आकडा आहे हा; मात्र आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तिथे बारा महिने थोडाथोडा येत राहतो.

सॅकमध्ये काय

सुती कपडा अंगावर एकही नको; जीन्स तर नकोच. सुती कपडा भिजला की सुकत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतो. आत घाम बाहेर टाकणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, सर्वांत वर खरोखर जलरोधक जॅकेट. आणि जलरोधक पँटही घ्या. आपली मंडळी जॅकेटवर पैसे खर्च करतात आणि पँट विसरतात, मग कमरेखाली ओले होऊन गारठतात. जूनमध्येही लोकरी टोपी आणि हातमोजे हवेत. एक जादा फ्लीस प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवा, तो माथ्यावर थांबल्यावर घालायचा.

बूट घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांच्या तळव्याचे घ्या. तिथला खडक आपल्या बसाल्टसारखा नाही. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींची राख आणि लाव्हा यांचा तो बनलेला आहे. त्यातला काही भाग समुद्राखाली साचला, म्हणून विद्वाच्या माथ्याजवळच्या खडकात शिंपल्यांचे जीवाश्म मिळतात. गर्दीच्या वाटांवर लाखो बुटांनी तो घासून गुळगुळीत केला आहे. कोरडा असताना छान पकड देतो, ओला झाला की दगा देतो.

नकाशा कागदी हवा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेच्या २५ हजारी (१:२५,००० प्रमाणाच्या) मालिकेतला ओएल-१७ हा नकाशा विद्वा, त्रवान, ग्लदर हे सगळे डोंगर दाखवतो. त्याच्यासोबत होकायंत्र, आणि ते वापरायची घरी एकदा तरी उजळणी. फोनमध्ये ॲप असू द्या, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. याशिवाय हेडटॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, आणि गटात एक तरी आपत्कालीन निवारा-पिशवी (अख्खा गट आत बसू शकेल अशी हलकी कापडी पिशवी मिळते).

खाणं-पिणं घरूनच. गडावर टाकं असतं, पायथ्याच्या वाडीत कुणीतरी पाणी देतं, ही सवय इथे चालत नाही. माणशी दीड-दोन लिटर पाणी आणि एक थर्मास गरम चहा. धपाटे, शेंगदाण्याचे लाडू, तिळाच्या वड्या हे वाऱ्यात उभ्याउभ्या हातमोजे घालूनही खाता येतं, म्हणून उत्तम. शिखरावर हाफोद एररी नावाची इमारत आहे, २००९ मध्ये उघडलेली. तिथे उपाहारगृह आहे, पण ती फक्त हंगामात आणि हवा बरी असतानाच उघडी असते. तिच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका.

तिथे पोहोचायचं कसं

लंडनच्या यूस्टनहून बँगोरपर्यंत रेल्वेने साधारण सव्वातीन-साडेतीन तास लागतात. बँगोरहून लानबेरिसला बस आहे. दुसरा रस्ता लॅंडुडनो जंक्शनला गाडी बदलून बेतुस-अ-कोइडला उतरण्याचा. मुक्कामासाठी लानबेरिस सगळ्यांत सोयीचं: दुकानं, गिर्यारोहणाचं सामान, बस, सगळं तिथे आहे. बेतुस-अ-कोइड अधिक देखणं, पण डोंगरापासून जरा लांब.

गाडी घेऊन जाणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पेन-अ-पास या खिंडीतला वाहनतळ हंगामात आगाऊ आरक्षणाशिवाय मिळत नाही, आणि रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्या उचलून नेतात. नान्त पेरिसला गाडी ठेवून बसने वर जाणं हा बरा उपाय. शेर्पार विद्वा या नावाची बससेवा डोंगराच्या भोवती फिरते आणि सहाही मुख्य वाटांच्या पायथ्याशी पोहोचवते. माझ्या मते ती या डोंगरातली सगळ्यांत मोठी सोय आहे. गाडी असली की ज्या वाटेने चढलो तिथेच उतरावं लागतं. बस असली की एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरता येतं, आणि विद्वाची खरी मजा त्यातच आहे. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, शेवटची बस कितीची ते सकाळीच बघून ठेवा.

पहिला दिवस: कूम इडवाल

दोन दिवस हाताशी असतील तर पहिल्या दिवशी शिखराच्या मागे लागू नका. बँगोर आणि बेतुस-अ-कोइडच्या मधल्या ओगवेन खोऱ्यात उतरा (टी-१० ही बस तिथून जाते) आणि लिन इडवाल या तलावाची प्रदक्षिणा करा. सुमारे पाच किलोमीटर, दगडी फरसबंद वाट, रमतगमत तीन तास. बूट, जॅकेट, सॅकचे पट्टे, सगळ्याची चाचणी इथे होते आणि काही चुकलं तर अर्ध्या तासात रस्त्यावर येता येतं.

ही नुसती सरावाची जागा नाही. १९५४ मध्ये वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून कूम इडवाल जाहीर झालं. चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ ॲडम सेज्विक यांच्याबरोबर इथे आला, तासन्‌तास जीवाश्म शोधत हिंडला, आणि हिमनदीच्या खुणा दोघांच्याही लक्षात आल्या नाहीत. १८४२ मध्ये तो परत आला तेव्हा त्या त्याला जागोजागी दिसल्या. तलावाकाठचे ते दगडांचे ढिगारे, ओरखडे पडलेले खडक, एकट्याच उभ्या शिळा तुम्हालाही सहज दिसतील. तलावाच्या मागच्या टोकाला तूल्ह दी, म्हणजे ‘सैतानाचं स्वयंपाकघर’ म्हणून प्रसिद्ध असलेली काळी घळ आहे. तिच्या खालच्या मोठाल्या दगडांमधून वाट वर चढते, पावसात तो भाग निसरडा असतो. पाणी वाढलेलं असेल तर प्रदक्षिणेचा हट्ट सोडा आणि गेलात तसे परत या.

मुख्य दिवस: पिग ट्रॅकने चढा, माइनर्स ट्रॅकने उतरा

विद्वावर सहा मुख्य वाटा जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच जोडी सुचवतो. दोन्ही वाटा पेन-अ-पासहून निघतात. ही खिंडच ३५९ मीटरवर आहे, त्यामुळे चढ सुमारे ७२५ मीटरच उरतो. येऊन-जाऊन अंतर साडेअकरा-बारा किलोमीटर.

वेळेचा हिशेब नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२च्या नियमाने करतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने साधारण साडेतीन तास होतात. पण हा नियम न थांबता चालणाऱ्याचा आहे. दगडांची वाट, फोटो, खाणं धरून सहा तास मोकळे ठेवा. सकाळी सातच्या सुमारास चालायला लागलात तर माथ्यावर गर्दीच्या आधी पोहोचता.

*पेन-अ-पास ते बूल्ख अ मोख.* पिग ट्रॅक वाहनतळाच्या वरच्या कोपऱ्यातून, मागच्या बाजूने निघतो. माइनर्सचा रुंद रस्ता खालच्या बाजूने जातो, तो चुकून धरू नका. सुरुवातीपासून दगडी पायऱ्यांसारखा चढ आहे. पाऊण-एक तासात ५६९ मीटरवरच्या बूल्ख अ मोख खिंडीत पोहोचता आणि पलीकडचं सगळं खोरं एकदम समोर उघडतं: खाली लिन लदाउ हा लांबट तलाव, त्याच्यावर अ ल्हिवेदचे काळे कडे, आणि समोर विद्वाचा सुळका.

इथे थांबा, कारण या दिवसातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय इथे आहे. उजवीकडे वर चढत जाणारी, ठळक मळलेली वाट क्रीब गोखच्या धारेवर जाते. तुमची वाट सरळ पुढे, डोंगराच्या पोटातून आडवी जाते. तिथे पाटी आहे. तरीही धुक्यात, पुढच्या माणसाच्या मागे मान खाली घालून चालताना लोक उजवीकडे वळतात आणि दोन्ही बाजूंना खोल दरी असलेल्या धारेवर अडकतात. हातांनी कातळ धरून चढायची वेळ आली आणि समोर उभी भिंत दिसू लागली, तर तुम्ही पिग ट्रॅकवर नाही. तिथूनच मागे फिरा.

*खिंडीपासून ग्लासलिनच्या वरपर्यंत.* हा आडवीचा टप्पा मला सर्वांत आवडतो. वाट फार चढत नाही, डाव्या हाताला तलाव सोबत करतो. मधे दोन-तीन ठिकाणी हात टेकवावे लागतील असे छोटे कातळटप्पे आहेत. राजमाची-तोरणा केलेल्याला ते जाणवणारही नाहीत, पण घासलेल्या ओल्या खडकावर पाऊल सपाट टाका. पुढे खाली ग्लासलिन हा तलाव दिसू लागतो, तांब्याच्या खनिजामुळे हिरवट-निळा. इथे खालून माइनर्स ट्रॅक येऊन मिळतो. जिथे मिळतो तिथे एक उभा दगड आहे. वळून त्याच्याकडे नीट बघून घ्या, उतरताना तोच शोधायचा आहे.

*नागमोडी चढ आणि बूल्ख ग्लास.* आता उरलेला चढ तीव्र आहे, नागमोडी वळणांनी जातो. घसाऱ्यावर शॉर्टकट मारू नका. दगड खालच्या वळणावरच्या माणसांवर जातात. वर बूल्ख ग्लास खिंडीत पोहोचलात की आणखी एक माणसाहून उंच उभा दगड आणि रेल्वेचे रूळ दिसतात. याच ठिकाणी आतापर्यंत आडोशाला असलेला वारा समोरून आदळतो. म्हणून खिंडीच्या थोडं खालीच थांबून जॅकेट, टोपी, हातमोजे चढवा. मग डावीकडे वळून रुळांच्या कडेने साधारण अर्धा किलोमीटर गेलं की माथा.

वेल्श आख्यायिकेनुसार राजांच्या दाढ्यांचा झगा विणणारा ऱ्हिता नावाचा राक्षस या माथ्यावर दगडांखाली पुरला आहे. आर्थर राजाने त्याला मारलं म्हणतात. हवा स्वच्छ असेल तर समुद्र, अँगलसी बेट, कधीकधी आयर्लंडचे डोंगरही दिसतात. नसेल तर दहा पावलांवरचा माणूसही दिसत नाही. दोन्ही दिवस विद्वाचेच आहेत.

*उतरणं.* अपघात उतरताना होतात, हे सह्याद्रीत शिकलेलं इथेही खरं आहे. माथ्यावरून रुळांच्या कडेने परत या आणि तो उंच उभा दगड शोधा. तिथे उजवीकडे वळायचं. धुक्यात तो दगड हुकला आणि रुळांच्या सोबतीने चालत राहिलात तर लानबेरिसला उतराल. जिवाला धोका नाही, बस पकडून परत येता येतं. पण दगड दिसला नाही म्हणून अंदाजाने उजवीकडे उतरायला लागलात तर खाली कडे आहेत. अंदाज कधीच नको.

नागमोडी उतरून दुसऱ्या उभ्या दगडाशी पिग ट्रॅक सोडा आणि उजवीकडे ग्लासलिनकडे उतरा. हा शंभरेक मीटरचा उतार सबंध वाटेतला सर्वांत खडतर भाग. सुटे दगड, मोठ्या पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील किंवा खडक ओला असेल तर माइनर्सचा नाद सोडून पिगनेच परत जा, त्यात काहीही कमीपणा नाही. ग्लासलिनच्या काठावर आलात की कठीण भाग संपला. पुढे वाट रुंद होत जाते. एकोणिसाव्या शतकात इथे तांब्याची खाण होती. काठावर दगडी इमारतींचे अवशेष उभे आहेत. लिन लदाउच्या पाण्यातून जाणारा बांध १८५३ साली खाणवाल्यांनीच घातला. खूप पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो, तेव्हा काठाने वळसा घ्या. याच तलावाचं पाणी मोठ्या नळांनी खाली कूम दलीच्या वीजकेंद्राला जातं. ते १९०६ पासूनचं आहे. पुढचा लिन तेर्न हा छोटा तलाव ओलांडला की थोड्याच वेळात पेन-अ-पास.

तिथून रस्त्याने थोडं खाली पेन-अ-गूरिड हे जुनं हॉटेल आहे. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या संघाने सराव करताना तिथे मुक्काम केला होता आणि त्यांच्या सह्या तिथल्या छतावर जपून ठेवल्या आहेत. वेळ असेल तर नक्की जा.

बाकीच्या वाटा, आणि त्या कुणासाठी

लानबेरिस पाथ सर्वांत लांब, येऊन-जाऊन साडेचौदा किलोमीटर, ९७५ मीटर चढ. कुठेही हात टेकवावे लागत नाहीत. आई-बाबा भारतातून आले असतील आणि चालायची सवय असेल तर हीच वाट. १८९६ पासून चालणारी दातेरी रुळांची रेल्वे जवळपास सगळीकडे सोबत असते. अर्थात हीच वाट सर्वांत गर्दीची आणि, खरं सांगायचं तर, सर्वांत सपक. ‘चढू चालत, उतरू ट्रेनने’ असा बेत आखू नका. जागा बहुधा परतीच्या प्रवाशांनी भरलेल्या असतात.

रीद दी आणि स्नोडन रेंजर या पश्चिमेच्या वाटा शांत आहेत. दुसऱ्यांदा जाल तेव्हा रीद दीने चढून रेंजरने उतरा. दोन्ही पायथे एकाच रस्त्यावर थोड्या अंतरावर आहेत, बसने जोडलेले. रीद दी वाट लेखोगच्या कड्याच्या काठाने जाते आणि शेवटी बूल्ख माइन या अरुंद धारेवरून माथ्याला पोहोचते. धार अरुंद असली तरी वाट चालण्यापुरती रुंद आहे, पण जोराच्या वाऱ्यात तिथे दृष्टिभय जाणवतं. रेंजरवरून उतरताना क्लोग्विन दीर अर्दी हा प्रचंड काळा कडा उजव्या हाताला राहतो. ब्रिटिश प्रस्तरारोहणाच्या इतिहासात त्याचं नाव फार मोठं आहे.

वॉटकिन पाथ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, म्हणून चढ सर्वाधिक, हजार मीटरच्या वर. ओकचं जुनं रान, धबधबे, पाटीच्या दगडाच्या खाणींचे अवशेष, सगळं एकाच वाटेवर. १८९२ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी या वाटेचं उद्घाटन केलं आणि ज्या शिळेवरून भाषण केलं ती आजही वाटेत आहे. खालचा अर्धा भाग सहाही वाटांत सर्वांत सुंदर. शेवटचा टप्पा मात्र सुटा घसारा आहे, वाट पुसट होते. या वाटेने चढा, उतरू नका.

क्रीब गोख आणि त्रवानची उत्तर सोंड या वाटा नव्हेत, हातापायांनी करायचं सोपं प्रस्तरारोहण आहे. ढाक बहिरीचा कडा किंवा कलावंतीणच्या पायऱ्या निर्धास्त केलेल्याला तांत्रिकदृष्ट्या अवघड वाटणार नाही, पण क्रीब गोखची धार लांबच लांब आहे, मधे सुटायची सोय नाही. कोरडा खडक, मंद वारा, आणि आधी तिथे गेलेला जाणकार, या तिन्ही गोष्टी असतील तरच जा. त्रवानच्या माथ्यावर दोन उभ्या शिळा आहेत, एकीवरून दुसरीवर उडी मारायची प्रथा आहे. एका बाजूला खोल कडा आहे. उडी न मारताही त्रवान झालेलाच असतो.

दक्षिणेला, दोल्गेलाय गावाजवळ, ८९३ मीटरचा कादेर इद्रिस आहे. गर्दीला कंटाळलात तर इकडे या. मिन्फोर्दहून ओकच्या झाडीतून दगडी पायऱ्या चढून लिन काउ या कड्यांनी वेढलेल्या तलावाशी जाता येतं. तिथवर जाऊन परत आलात तरी दिवस सार्थकी लागतो. पुढे कड्याच्या काठाने पेन-अ-गादेर माथा, तिथे दगडी आडोसाघर आहे. नकाशा वेगळा लागतो, ओएल-२३.

हिवाळ्यात

नोव्हेंबर ते एप्रिल या काळात वर बर्फ असू शकतो, खाली हिरवळ असली तरी. सर्वांत फसवी जागा सोप्या म्हटल्या जाणाऱ्या लानबेरिस वाटेवरच आहे: क्लोग्विन स्टेशनच्या वर वाट बर्फाखाली गेली की तिथे नुसता घट्ट, बाहेर फुगलेला उतार उरतो, खाली कड्याकडे जाणारा. तिथे घसरून माणसं दगावली आहेत. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे धातूचे काटे) आणि आइस ॲक्स (बर्फातली कुदळ) दोन्ही असतील आणि वापरता येत असतील तरच हिवाळ्यात माथ्याकडे जा. शिकायचं असेल तर कापेल किरिगला प्लास अ ब्रेनिन हे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे.

डोंगरात वागायचं कसं, आणि अडचण आलीच तर

मेंढ्या लोकांच्या आहेत, फाटकं जशी दिसली तशीच मागे ठेवा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू टाकता येत नाही. शेकोटी नको. संत्र्याची साल, केळ्याची सालही परत आणा. त्या थंडीत ती लवकर कुजत नाही. उंच कड्यांवर हिमयुगापासून तगून राहिलेली स्नोडन लिली उगवते. ब्रिटनमध्ये ती फक्त याच डोंगरांत आहे.

कुणी थरथरू लागलं, बोलणं अडखळलं तर लगेच वाऱ्याच्या आडोशाला घ्या, ओला कपडा बदला, गोड आणि गरम द्या, पिशवीत बसवा. पुढे जायचा विचार सोडा. आणि थरथर थांबून माणूस सुस्तावला तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, तातडीने मदत मागा.

मदतीसाठी ९९९ फिरवा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. नकाशावरचा ग्रिड संदर्भ, किती माणसं, काय दुखापत, कसले कपडे, फोनमध्ये बॅटरी किती, हे सांगा. नंतर फोन मोकळा ठेवा आणि जागा सोडू नका. रेंज नसेल तर शिट्टी: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. बोलण्याइतकी रेंज नसतानाही कधीकधी मेसेज जातो. त्यासाठी घरूनच ९९९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा मेसेज पाठवून नोंदणी करून ठेवा. ती ब्रिटनच्या सिमवर होते. लानबेरिसच्या पथकासारखी पथकं पूर्णपणे स्वयंसेवकांची आहेत आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे बिलाच्या भीतीने फोन लांबवू नका. निघण्यापूर्वी खाली कुणालातरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा, आणि उतरल्यावर त्याला कळवायला विसरू नका. नाहीतर तुम्ही बसमध्ये असाल आणि पथक डोंगरात तुम्हाला शोधत असेल.